पियानोकडे जाताना लागलेले किल्ले

अमेरिकेत मध्ययुगीन किल्ले नाहीत. मध्ययुगात इथे राजे नव्हते, सरदार नव्हते, तर किल्ले कुठून असणार? हे मला नीट माहीत होतं. तरीही यंदाच्या नवरात्रात आमच्या शॉमबर्गच्या घरून न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकापर्यंत जाताना मी बायकोला वाटेत तीन किल्ले दाखवले. सरळ गाडी हाणली तर हा एका दिवसाचा रस्ता आहे. आम्ही तो चार दिवस पुरवला, आणि पुरवणारा मीच होतो.

कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा माझ्यासारखा गोंधळ व्हायचा नाही. रस्त्याच्या टोकाला एका लहान गावात जुन्या पियानोंचं संग्रहालय आहे आणि त्याला जोडून दुरुस्तीची कार्यशाळा. आमचा पियानो तिथे दुरुस्तीला दिलाय, असं मी वैशालीला सांगितलं होतं. तो तिथे नव्हता. तो कुठेच नव्हता. हिवाळ्यात, ती वडिलांच्या आजारपणासाठी साताऱ्याला असताना, मी तो मोडून कचऱ्याच्या ट्रकमधून पाठवून दिला होता.

वैशाली मूळची हार्मोनियमवाली. शेजारच्या आजींनी घर सोडताना त्यांचा उभा पियानो आम्हाला दिला, तेव्हापासून ती त्यावर आपल्याच पद्धतीने वाजवायची. बाकावर चक्क मांडी घालून. पायाशी असलेल्या पेडलना तिने कधी पाय लावला नाही; वाद्याला पाय कसा लावायचा? उजवा हात सुरांवर आणि डावा हात मधूनच हवेत मागे जायचा, भाता शोधायला. आमची मुलगी मुक्ता लहानपणी हसून लोळायची. दर खंडेनवमीला पियानोला हळदकुंकू, झेंडू, अक्षता. आपल्या मराठी मंडळातल्या जुन्या लोकांनी हे सगळं आमच्या दिवाणखान्यात पाहिलेलं आहे.

ती मे महिन्यात परत आली, रिकामा कोपरा पाहिला, आणि माझ्या तोंडून निघालं, "तुला सरप्राइज. रिस्टोअर करायला दिलाय." कार्यशाळेचं नाव इंटरनेटवर आदल्याच आठवड्यात शोधून ठेवलं होतं. मुद्दाम लांबचं, सहज डोकावता येणार नाही असं. गणपतीत तिने ते सगळ्यांना सांगितलं. "काय नवरा मिळालाय हिला!" असं म्हणत मंडळातल्या काकूंनी माझ्या ताटात दोन मोदक जास्त वाढले. मी ते खाल्ले.

मग सप्टेंबरात वैशाली म्हणाली, "चल, बघून येऊ." मी म्हटलं, "हो, पण वाटेत किल्ले आहेत म्हणे."

ओहायो: दंतवैद्याचा गड

पहिला किल्ला नदीकाठी, मक्याच्या शेतांच्या मधोमध. एका दंतवैद्याने तरुणपणी युद्धात फ्रान्समधले किल्ले पाहिले आणि परत आल्यावर उरलेलं सगळं आयुष्य नदीतले दगड काढून आपल्या शेतात तसाच एक बांधण्यात घालवलं. दोन बुरूज, एक सज्जा, तळघरात कैदखाना. आत भाल्यांच्या रांगेशेजारी त्याचं दात काढायचं सामानही ठेवलंय. जास्त भीती मला त्याचीच वाटली.

माहिती सांगायला एक सेवानिवृत्त गृहस्थ होते. अंगात साखळ्यांचं चिलखत, पायात पांढरे स्नीकर्स. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे असे किल्ले आहेत का?"

वैशालीचं माहेर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. ती म्हणाली, "आहेत. पाण्याचं टाकं कुठे आहे?"

ते गोंधळले. त्यांनी बाहेरचं कोकचं मशीन दाखवलं.

"तसं नाही. वेढा पडला तर लोक काय पिणार?"

"वेढा?" ते म्हणाले. "मॅडम, नदी समोरच आहे."

"नदीवर शत्रू बसलाय."

चिलखतवाल्यांनी खरंच नदीकडे पाहिलं. मग वैशालीने त्यांना दरवाजा समजावला. आमच्याकडे गडाचा दरवाजा समोरून दिसतच नाही, तो दोन बुरुजांच्या वळणात लपवलेला असतो, म्हणजे हत्तीला पळत येऊन धडक मारायला जागा मिळत नाही. इथे दरवाजा थेट पार्किंग लॉटसमोर. बाहेर पडताना ती मला म्हणाली, "हा गड पहिल्या दिवशी पडला असता. पण बिचाऱ्याने किती मनापासून बांधलाय रे! खोटा म्हणवत नाही."

मी गाडीची किल्ली शोधत राहिलो. तिच्या तोंडून 'खोटा' शब्द आला की त्या दिवसांत मला हातांना काही तरी काम लागायचं.

दुपारी नदीकाठच्या बाकावर तिने डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. झाडं लाल-पिवळी झाली होती. मुक्ता आता बेलव्ह्यूला असते, तिचा फोन आला. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते.

"आई, डिड यू सी द पियानो यट?"

"अगं, तुझा बाबा किल्ले दाखवतोय आधी."

"बाबा? कॅसल्स? ही हेट्स ट्रेकिंग!"

"तेच ना," वैशाली म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली. तिला वाटत होतं मी ही सहल तिच्यासाठी सजवतोय. वडील गेल्यापासून ती इतकी हसलीच नव्हती. मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "पेनसिल्व्हेनियात याहून चांगला आहे."

पेनसिल्व्हेनिया: युरोपातून उचलून आणलेला

तो खरोखर चांगला निघाला, आणि त्याने माझा गोंधळ वाढवला. कोळशाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या एका माणसाने युरोपात फिरून मोडकळीला आलेल्या गढ्यांमधून काय काय उचललं होतं. जिना फ्रान्सचा, चुलाणं स्कॉटलंडचं, छत स्पेनमधल्या कुठल्याशा मठाचं. प्रत्येक दगडावर आकडा घालून, पेट्यांत भरून, जहाजाने आणून इथे टेकडीवर जोडलं. म्हणजे दगड खरे मध्ययुगातले आणि किल्ला शंभर वर्षांचाही धड नाही.

"मग हा खरा म्हणायचा की नाही?" मी गाइडबाईंना विचारलं.

त्या म्हणाल्या, "जिना खरा आहे. तो जिथे जातो ती खोली खोटी आहे."

त्या खोलीत दोरीच्या पलीकडे एक चौकोनी पियानो होता. आपल्याकडच्या जेवणाच्या टेबलाएवढा, जाड कोरीव पायांचा. असे पियानो एके काळी अमेरिकेत घरोघरी होते, बाई सांगू लागल्या. पियानो मूळचा इटलीचा. तिथल्या एका कारागिराने तार छेडण्याऐवजी तिच्यावर छोटा हातोडा मारायची युक्ती काढली, त्यामुळे बोट हळू टेकवलं की सूर हळू आणि जोरात मारलं की जोरात. पण त्याची लाकडी चौकट इथल्या हवेत टिकेना. उन्हाळ्यात फुगायची, थंडीत आकसायची. मग इथल्या लोकांनी आतली चौकट बिडाची ओतली आणि तारा वाटेल तितक्या ताणल्या. पट्ट्यांवरचं पांढरं म्हणजे हस्तिदंत. आफ्रिकेतून यायचं. त्याच्या पातळ चकत्या काचेच्या घरांत उन्हात मांडून ठेवायचे, पांढऱ्या व्हाव्यात म्हणून.

"म्हणजे हत्ती मारून," वैशाली म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "ते आम्ही आता सांगतो. पूर्वी सांगत नव्हतो."

वैशालीने दोरीबाहेर उभं राहून, डोळे मिटून पियानोला नमस्कार केला. नेमकी वर भिंतीवर खाणमालकाची भलीमोठी तसबीर होती, मिशीला पीळ दिलेली. गाइडबाई एकदम भारावल्या. "ते फार प्रसन्न झाले असते," त्या हळूच म्हणाल्या. वैशालीने मला मराठीत विचारलं, "कोण प्रसन्न झालं असतं?" मी वर बोट दाखवलं. बाहेर येईपर्यंत तिने तोंडावर पदरासारखा स्कार्फ धरला होता, आणि बागेत येऊन आम्ही दोघं इतके हसलो की एक माळी थांबून बघायला लागला.

हे मी का लिहितोय? कारण माझं मलाच कोडं पडलं होतं. इतक्या वर्षांत आम्ही असे एकत्र हसलो नव्हतो, आणि ते हसू ज्यावर उभं होतं ते माझं खोटं होतं. सांगितलं तर हे संपेल. न सांगितलं तर परवा आपोआप संपेल. मी त्या बागेत दोन बेत केले. एक, कार्यशाळा बंद निघाली असं म्हणायचं. दुसरा बेत म्हणजे तिसरा किल्ला.

अष्टमी: सरदारांची पंगत

तिसरा किल्ला लाकूड आणि प्लास्टरचा, आणि आत दुपारच्या जेवणाचा खेळ. तुम्ही म्हणे अकराव्या शतकातल्या राजाचे पाहुणे. खाली मातीत घोडेस्वार भाले घेऊन एकमेकांवर धावतात आणि वर पंगत बसते. काटा नाही, चमचा नाही, हाताने खायचं. समोरचं अमेरिकन कुटुंब या गोष्टीने फारच हरखून गेलं होतं. त्यांचा बाप बोटांना लागलेला रस्सा दाखवत मला म्हणाला, "वाइल्ड, नाही?" मी मान डोलावली. आता काय सांगणार?

वैशालीचा उठता-बसताचा उपवास, म्हणजे पहिल्या माळेला आणि अष्टमीला. मखमली अंगरख्यातल्या वाढप्याने टर्कीची तंगडी पुढे केली.

"हर लेडीशिपला नको," मी म्हटलं. "बटाटा चालेल. साधा. मीठसुद्धा नको."

"लेडी आजारी आहेत?"

"नाही, उपवास आहे. देवीसाठी."

तो गुडघ्यावर बसला आणि दोन भाजलेले बटाटे तिच्यासमोर ठेवून म्हणाला, "ज्या राज्यातून आपण आलात तिथल्या देवीला आमचाही प्रणाम." पुढच्या स्वारीच्या वेळी त्याने तिला आणखी दोन आणून दिले. तिने पर्समधून सैंधवाची पुडी काढली.

"श्री," ती बटाटा सोलत म्हणाली, "एक सांगू? मी तारीख मुद्दाम धरली. उद्या खंडेनवमी."

तिने पर्स उघडून दाखवली. कुंकवाची डबी, हळद, अक्षता, आणि डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीच्या बागेतले झेंडू ओल्या कागदात गुंडाळलेले. येताना वळसा घालून आपण ट्रॉयला का गेलो ते मला आत्ता कळलं. मी त्या वळशावर खूश होतो. तेवढाच उशीर.

"त्यांना विचारू, दुरुस्तीतला असला तरी पूजा करू देतील ना?"

मी तोंड उघडलं. खाली तुतारी वाजली, हिरवा सरदार घोड्यावरून पडला, आमची बाजू हरली आणि सगळ्यांनी बाकांवर मुठी आपटल्या. पुन्हा शांत झालं तेव्हा मी म्हटलं, "देतील की."

खंडेनवमी

संग्रहालय म्हणजे जुनी चर्चची इमारत. पार्किंगमध्ये आमची एकच गाडी. वैशालीने कोटाखाली जांभळी साडी नेसली होती, त्या दिवसाचा रंग म्हणून. आरशात टिकली नीट करून तिने गाडीच्या दाराला हात घातला.

"वैशाली, तो आत नाही."

"मग? मागच्या वर्कशॉपमध्ये?"

"नाहीये. मी इथे दिलाच नव्हता. मी तो टाकून दिला. तू साताऱ्याला असताना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, निदान रडेल. तिने विचारलं, "मग आपण किल्ले का बघत होतो?"

ती उतरली आणि सरळ आत गेली. मी मागोमाग.

आत रूथ नावाच्या आजी होत्या, पूर्वी शाळेत संगीत शिकवायच्या. बडबड्या, लगबगीच्या. आम्ही कोण, कशाला आलो, काही न विचारता त्यांनी दाखवायला सुरुवात केली. हा हरणाच्या कातड्याचा हातोडा, हा नंतरचा लोकरीच्या नमद्याचा. हा पियानो कॅनॉलच्या होडीतून आलेला. हा एका खानावळीतला, म्हणून बिअरचे डाग. जुने पियानो आता कुणालाच नको असतात, त्या म्हणाल्या. पूर्वी तर कारखानदार स्वतःच जुने परत घेऊन फोडून टाकायचे, नवे खपावेत म्हणून.

मी त्या वाक्याचा आधार घ्यायला गेलो. वैशालीकडे पाहिलं, जसं काही बघ, कारखानदारसुद्धा. तिची नजर पाहिली आणि मान खाली घातली.

"कसा फोडतात?" तिने रूथना विचारलं.

"नीट करायचा तर आधी तारा सैल करायच्या. सगळीकडून थोड्याथोड्या, पुन्हा फिरून थोड्या. भयंकर ताण असतो. पण घाईवाले लोक कुऱ्हाडच घालतात. तुमच्या घरी आहे का?"

"होता," वैशाली म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, "तू कसा काढलास? सगळं सांग."

आणि मी सांगितलं. रूथ मध्ये उभ्या, हसऱ्या चेहऱ्याने एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत. मी सांगितलं की ट्यूनर आला होता, तारांच्या खुंट्या लाकडात धरत नाहीत म्हणाला. दोन माणसं बोलावली. पियानो दारातून निघेना म्हणून त्यांनी गॅरेजकडच्या खोलीत फोडला. तारा सैल केल्या नाहीत. पहिली तुटली तेव्हा इतका आवाज झाला की समोरचा शेजारी बाहेर आला. पट्ट्या मी स्वतः उपटल्या, ओझं कमी व्हावं म्हणून. पट्ट्यांच्या खाली तांदूळ होते. तुझ्या सगळ्या खंडेनवम्यांच्या अक्षता. लाल झालेल्या, धुळीत. मी त्या झाडून अंगणात फेकल्या.

वैशालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रूथनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "इथे बऱ्याच जणांचं असं होतं," त्या मला समजुतीने म्हणाल्या. "पियानोचा एक सूरही न ऐकता."

मग त्यांनी एक पियानो उघडून दिला, हा वाजवलेला चालतो म्हणाल्या. वैशालीच्या पर्समधून झेंडूचा कागद बाहेर आला होता. मला वाटलं आता ती निदान इथे पूजा करेल. मी हळूच म्हटलंही, "कर ना, त्या नाही म्हणणार नाहीत."

"हा माझा नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हत्याराची पूजा मी का करू?" तिने रूथचा हात हातात घेतला, आभार मानले आणि बाहेर गेली.

आम्ही परत निघालो. तळ्याकाठची द्राक्षांची शेतं संपली तेव्हा ती म्हणाली, "का?"

मी म्हटलं, खराब झाला होता. मग म्हटलं, मला त्या कोपऱ्यात ऑफिसचं टेबल हवं होतं. दोन्ही खरंच होतं आणि दोन्हींनी काही होत नव्हतं, हे मलाच ऐकू येत होतं. पेट्रोल भरायला थांबलो. पंपाची नळी हातात धरून, तिच्या उघड्या काचेकडे न बघता, मी म्हटलं, "तू गेल्यावर घर शांत झालं. मला ती शांतता आवडायला लागली. तू परत आल्यावर ती जाईल असं वाटलं."

"म्हणजे मी येऊ नये असं वाटत होतं?"

"तसं नाही," मी म्हटलं. मग, "माहीत नाही. काही दिवस, कदाचित, हो."

हे मी कुणापुढेच, स्वतःपुढेही, म्हटलं नव्हतं. ती आली तेव्हा विमानतळावर मला खरोखर आनंद झाला होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहतात ते मला अजून कळलेलं नाही. वैशालीने काच वर केली.

ओहायोत मुक्काम केला. सकाळी निघताना तिने एवढंच सांगितलं. "मी कुणाला काही सांगणार नाही. झाकणारही नाही. लोक मला विचारतील, आणि मी तुझ्याकडे बघेन."

दसरा

संध्याकाळी घरी पोचलो, कपडे बदलून मंडळाच्या हॉलवर गेलो. आपट्याची पानं यंदा कुणीतरी भारतातून सुकवून आणली होती. वैशाली थोरामोठ्यांना वाकून सोनं देत होती. माझ्याशी ती दिवसभर रस्त्यापुरतंच बोलली होती, उजवीकडे घे, एग्झिट आला, एवढंच. तरी ती हॉलवर माझ्याबरोबर आली होती, आणि यातून काय समजायचं ते मला कळत नव्हतं.

आपले डॉक्टर काका, सगळ्यांत जुने सभासद, दारातूनच गरजले, "काय वैशाली! बघून आलीस ना पियानो? कधी येतोय घरी? उद्घाटनाला मी येणार, आणि श्रीखंड पाहिजे!"

आजूबाजूचे सात-आठ जण वळले. वैशालीने माझ्याकडे पाहिलं.

"काका, पियानो नाहीये," मी म्हटलं. "मी तो मोडून टाकला. हिला खोटं सांगितलं होतं. तुम्हा सगळ्यांनाही."

काका हसले. सगळेच हसले. "अरे यार, सणाच्या दिवशी असले जोक!" मागून कुणीतरी म्हणालं. काकांनी माझ्या हातावर पान ठेवून पाठीत धपका घातला. "तुला विनोद जमत नाही रे श्रीकांत, सोड."

मी वैशालीकडे पाहिलं. ती हसत नव्हती, पण वळलीही नव्हती. वाट बघत होती. मला पुन्हा, जरा मोठ्याने, सांगावं लागलं. या वेळी कुणी हसलं नाही.

तिसऱ्यांदा इथे, मंडळाच्या अंकात, लिहितोय, कारण दसऱ्याला सगळे आले नव्हते. अजूनही फोन येतात, पियानो कसा झाला म्हणून. वैशाली नाव बघते, "थांबा हं, श्रीकांतशी बोला," म्हणते आणि फोन माझ्या हातात देते.